गुऱ्हाळावरची न जुळणारी कबुली

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्याच्या हद्दीतली, असं कुणी विचारलं तर मला डोकं खाजवावं लागतं. पण उंब्रजजवळच्या एका गुऱ्हाळावरची घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. त्यातली माणसं आजही त्याच भागात राहतात, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. गावाचंही घेत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगली शहरातून माझी बदली महामार्गावरच्या एका ठाण्यात झाली होती. सांगलीत असताना हळदीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांची भांडणं मिटवायची आणि चोरीला गेलेल्या स्कूटरी शोधायच्या, यात दिवस जायचा. इकडे आल्यावर ट्रकचे अपघात, उसाच्या बांधावरून झालेल्या मारामाऱ्या आणि अकस्मात मृत्यू. विजेच्या कामातलं मला काही कळत नव्हतं. वीज म्हणजे ठाण्यातला पंखा, आणि तो निम्मा वेळ बंद, एवढीच माझी ओळख.

दसरा होऊन गेला होता. गुऱ्हाळं पेटली होती आणि जीपमधून जाताना उकळत्या रसाचा वास नाकात बसायचा. एका दुपारी गुऱ्हाळमालकाचा माणूस सायकल हाणत ठाण्यावर आला. चरकावर ऊस लावणारा गडी करंट लागून गेला, एवढंच त्याला बोलता आलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा बराच जमाव होता. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चरक म्हणजे उसाचा रस काढणारं लोखंडी यंत्र. या चरकाची मोटार आणि तो चरक एकाच लोखंडी चौकटीवर बसवलेले होते. खाली रस सांडून जमीन कायम ओली. गडी अनवाणी. रुळांत ऊस अडकला म्हणून त्यानं एक हात चौकटीवर टेकवला आणि तो तसाच चिकटला. गुळाच्या कढईजवळच्या माणसानं धावत जाऊन खटका पाडला, पण तोवर सगळं संपलं होतं.

मयताची बायको त्याच गुऱ्हाळावर कामाला होती. चरकातून निघालेली चिपाडं डोक्यावरून नेऊन ती उन्हात वाळत घालायची. नवराबायको दोघं जतकडच्या दुष्काळी भागातले. वाडवडील मेंढरं राखणारे, आता थोडी शेती, आणि हंगामात इकडे गुऱ्हाळावर. ती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. चरकाकडे एकटक बघत होती. अशी बाई बघितली की मला जास्त काळजी वाटते.

पंचनामा केला, प्रेत कराडला शवविच्छेदनाला पाठवलं, वीज तोडून चरकाला सील लावलं, आणि परत येऊन अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरला नोंद घेतली. विजेचा धक्का बसून मृत्यू. अशा नोंदी त्या भागात अधूनमधून व्हायच्या. विद्युत निरीक्षकांना कळवायचं, त्यांचा अहवाल आला की फाईल पुढे पाठवायची, असा ठरलेला रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याची हजेरी चालू असताना एक गाडीवान दारात येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी ऊस घेऊन तो त्या गुऱ्हाळावर थांबला होता. ठाण्यात पाय ठेवायचा की नाही, यावर त्याचं स्वतःशीच बराच वेळ एकमत होत नव्हतं. शेवटी आमच्या जुन्या हवालदारांनी त्याला हाताला धरून आत आणलं.

"सायेब, माझं नाव कुटं यायला नगं," तो म्हणाला. "पर बघितलं ते सांगतो. तुमी यायच्या आदी वायरमन आला हुता. समदी मानसं मयतापाशी, आनि ह्यो गडी मोटारीपाशी बसून काय तरी खरवडत हुता. पाना हुता हातात. तुमची जीप दिसली तसा उठला."

या वायरमनला मी ओळखत होतो. आसपासच्या सगळ्या गुऱ्हाळांची, पिठाच्या गिरण्यांची आणि विहिरींवरच्या मोटारींची कनेक्शनं तोच करायचा. परवानाधारक माणूस, वय पन्नाशीच्या पुढे, तोंडानं फटकळ. त्यानं केलेल्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. तोही मूळचा जतकडचाच. मयताला आणि त्याच्या बायकोला या गुऱ्हाळावर काम त्यानंच मिळवून दिलं होतं.

मी पंच घेऊन पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. मोटारीच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगच्या वायरी बोल्टनं आवळलेल्या होत्या. अर्थिंग म्हणजे काय, हे तेव्हा मला मालकाच्या भावानं समजावलं. मोटारीच्या आत वायर खराब होऊन लोखंडाला लागली, तर तो करंट माणसातून न जाता या वायरीतून जमिनीत उतरावा, अशी ती सोय. त्यासाठी शेजारी मीठ आणि कोळसा घालून खड्डा केलेला होता आणि त्यात पट्टी पुरलेली होती. चौकट, मोटार, चरक, सगळं नव्या लाल ऑइलपेंटनं चकचकत होतं. एका बाजूचा बोल्टही लाल होता. दुसऱ्या बाजूचा मात्र पांढरा स्वच्छ, ताजा खरवडलेला, आणि त्याच्याखाली जमिनीवर लाल रंगाचे कपटे पडलेले.

माझ्या अडाणी नजरेला खरवडलेला बोल्ट गुन्हेगार वाटला आणि लाल बोल्ट निर्दोष. मी कपटे उचलून कागदात बांधले, सील केले, पंचांच्या सह्या घेतल्या.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. दुपारी मयताची बायको ठाण्यात आली. वायरमननं मोटारीपाशी काय केलं ते तिच्या कानावर गेलं होतं. आदल्या दिवशी न रडलेली ती बाई आमच्या टेबलावर दोन्ही हात आपटून रडली.

"त्यानं वायर नीट जोडली न्हाई, सायेब! आनि वरनं लपवाय गेला. अण्णा अण्णा म्हनत हुतो आमी त्याला. माझ्या मानसाचा जीव घेतला त्यानं. त्याला सोडू नगा."

तिची फिर्याद घेतली. हयगयीनं मृत्यूस कारण झाल्याचं कलम लागलं, जोडीला पुरावा नष्ट केल्याचं. वायरमनला आणायला जीप पाठवायच्या आधीच तो सायकलवरून स्वतः आला. सायकल भिंतीला लावली, पिशवी हवालदारांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हत्यारं हायत आत. पावती करा."

माझी एक पद्धत होती. संशयिताला आधी चहा द्यायचा आणि काही विचारायचं नाही. शांततेत माणूस आपोआप काहीतरी बोलतो, आणि पहिलं काय बोलतो त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळतं. काहीजण पोराबाळांचं काढतात, काहीजण देवाची शपथ घेतात. या गड्यानं चहा फुर्रकन प्यायला, वर बघितलं आणि विचारलं, "ह्या पंख्याचं कनेक्शन कुनी केलंय? जोड उघडा हाय. निदान चिकटपट्टी तरी लावा की."

हवालदार हसू दाबत बाहेर गेले. मी विचारलं, "मोटारीपाशी काय खरवडत होतास?"

त्यानं कप खाली ठेवला. मघाचा फटकळपणा पार उतरला.

"हंगामाआधी कनेक्शन कुणी केलं?"

"मी."

"अर्थिंग?"

"मीच. वायरीच्या टोकाला थिंबल बशिवलं, तांब्याचं, बोल्ट जायला भोक असल्यालं. बोल्टानं आवळलं. दोनी बाजूनी. मीटर लावून बघितलं. मोटार उलटी फिरत हुती, तवा दोन वायरींची अदलाबदल केली, सुलटी झाली. खड्ड्यात पानी घालाय सांगितलं. मग गेलो."

"मग चूक कुठं झाली?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "माझीच चूक. बोल्ट ढिला ऱ्हायला हुता. दोनी बाजूचा. गडी गेल्यावर मला कळलं, म्हनून घाईनं आवळाय गेलो. लिवून घ्या."

माझ्या रायटरनं पेन उचललं. मी त्याला खुणेनं थांबवलं. नोकरीत मी कबुल्या पुष्कळ ऐकल्या होत्या. खरी कबुली अडखळत येते. माणूस थांबतो, आधी दुसऱ्यावर ढकलतो, मग स्वतःवर घेतो. ही एका दमात आली, पाठ केल्यासारखी. आणि क्षणापूर्वी मीटर लावून बघितलं असं अभिमानानं सांगणारा माणूस दोन्ही बोल्ट ढिले ठेवेल, हे मला पटत नव्हतं.

गुन्हा जामीनपात्र होता. मी त्याला म्हटलं, जामिनासाठी कुणाला बोलवायचं ते सांग, संध्याकाळपर्यंत घरी जाशील. तो म्हणाला, "नगं. कुनाला बोलवू नगा. असू द्या मला हितंच."

घरी जायचं नाही म्हणणारा आरोपी मी त्याच्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. कोर्टापुढे उभं केलं तरी त्यानं जामीन मागितला नाही, म्हणून तो आमच्याच कोठडीत राहिला.

त्या बाईनं दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच क्रम धरला. सकाळी यायची, ठाण्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसायची, मधूनच आत येऊन कोठडीकडे नजर टाकायची. तो आत आहे याची खात्री करून घ्यायची. जाताना गजांपाशी थांबून त्याला वाटेल ते बोलायची. तिची भाषा मी इथं लिहीत नाही. आमचे शिपाई तिला अडवायला गेले, तर आतून वायरमनच म्हणाला, "बोलू द्या तिला."

हवालदार मला म्हणाले, "साहेब, हा माणूस एकतर लय बेरड हाय, नाहीतर लय भला. मधला न्हाई."

विद्युत निरीक्षक साताऱ्याहून आले. बारीक अंगाचे, चष्मा लावलेले, कमी बोलणारे गृहस्थ. आधी त्यांनी मोटार उघडली. आत गुंडाळलेल्या तारेचं आवरण जळून ती लोखंडाला टेकली होती. हे कुणाच्याही हातून झालेलं नव्हतं, मोटारी अशा जातात, असं ते म्हणाले. प्रश्न एवढाच, की करंट जमिनीत का उतरला नाही, फ्यूज का उडाला नाही.

त्यांनी मीटरची एक काडी मोटारीच्या आतल्या उघड्या लोखंडाला लावली आणि दुसरी लाल बोल्टाखालून निघालेल्या अर्थिंगच्या वायरीला. काटा हलला नाही. मी म्हटलं, "मग बोल्ट ढिला आहे. तो तसंच सांगतोय."

"बघा बरं ढिला आहे का," ते म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला. मी जोर लावला. तसूभर हलला नाही. शेवटी दोघांनी मिळून तो काढला. तेव्हा त्यांनी बोल्ट माझ्या डोळ्यांपुढे धरला. बोल्टाच्या आट्यांत लाल रंग वाळून बसला होता. ज्या भोकात तो जातो त्यात रंग. थिंबल जिथं टेकतं तिथं, आणि थिंबलाच्या दोन्ही अंगांना, जाड लाल रंग.

"लोखंडाला तांबं लागलंच नाही," निरीक्षक म्हणाले. "मधे रंगाचा पापुद्रा आहे. चौकटीवर हात टेकतो तिथं उसानं घासून रंग उडालाय, इथं मात्र जाड बसलाय. वरून आवळलं घट्ट, दिसायला सगळं ठीक, पण करंटला जायला वाटच नाही. हे कनेक्शन आधी चांगलं केलेलं होतं. नंतर कुणीतरी सोडून, रंगवून, परत आवळलंय. तुमचा वायरमन ढिलं ठेवलं म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय."

रंग कधी दिला असेल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं आणि यंत्रं पुजतात. पोलीस ठाण्यात आम्हीही बंदुका पुसून, हळदीकुंकू लावून मांडतो. गुऱ्हाळावर चरकाची पूजा असते, आणि पूजेआधी चरक धुऊन रंगवायची रीत आहे. वायरमनचं काम त्याच्या आधीचं. म्हणजे त्यानं जोडून दिलेलं कनेक्शन पूजेसाठी कुणीतरी मायेनं सोडलं आणि मायेनंच रंगवलं.

मालकाला विचारलं. तो म्हणाला, "रंगाचा डबा मी आनून दिला, सायेब. द्यायचं काम गडी-बायाच करत्यात. मी काय बघाय गेलो न्हाई."

मी ठाण्यात परत आलो, कोठडी उघडली आणि वायरमनसमोर बसलो. "चरकाला रंग कुणी दिला?"

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "मी दिला."

"तू? वायरमन असून अर्थिंगच्या बोल्टाला ऑइलपेंट लावलास? उद्या मी बंदुकीच्या नळीत लाडू भरला म्हणून सांग, लोक लवकर विश्वास ठेवतील."

तो हसला नाही. मी लाल बोल्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याकडे बघता बघता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हा माणूस रडू शकतो याचं मला तेव्हा नवल वाटलं.

"तिनं दिलाय, सायेब," तो हळू आवाजात म्हणाला. "तिच्या नवऱ्यानं पान्यानं बोल्ट सोडून दिलं, तिनं रंगवलं. दोघांचं नवं नवं काम. चरक म्हंजे त्येंचं दैवत. मी त्या दिवशी आलो, मयत बघितलं आनि मोटार बघितली. लाल थिंबल दिसलं तसं समदं कळलं. म्हटलं, हिला कळलं तर ही जगायची न्हाई. एक बाजू खरवडून झाली, तवर तुमी आला."

"आणि म्हणून तू जेलात जाणार? परवाना जाईल तुझा. परत कधी तारेला हात लावता येणार नाही."

"जेलातनं मानूस सुटतो, सायेब. तिला कळलं तर ती कवा सुटायची?"

आमच्या खात्यात खोटं बोलणाऱ्यांचे प्रकार नवीन भरती झालेल्यांना समजावून सांगतात. भीतीनं बोलणारे, लोभानं बोलणारे, सूडानं बोलणारे. यात हा माणूस बसत नव्हता. जी बाई रोज येऊन त्याच्या नावानं बोटं मोडत होती, तिच्यासाठी तो आत बसला होता. त्या वेळी माझंही मन भरून आलं होतं. पोलिसाला असं लिहिताना संकोच वाटतो, पण खरं ते खरं.

आता प्रश्न माझा होता. निरीक्षकांचा अहवाल येणार होता, त्यात रंग येणार होता. रंग दिला कुणी, हे गुऱ्हाळावरच्या इतर बायांच्या जबाबातूनही येऊ शकलं असतं. हवालदारांनी तेच सुचवलं. "तिला कशाला मधे घालता, साहेब? दुसऱ्या बायांना विचारू." पण फिर्यादी ती होती. खटला उभा राहिला असता तर तिला साक्षीला पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं, आणि भर कोर्टात, परक्या वकिलाच्या तोंडून, तिला हे ऐकावं लागलं असतं. आणि तोवर एक निर्दोष माणूस आरोपी म्हणून फिरला असता. मी ठरवलं, तिला कळायचंच असेल तर ते माझ्या खोलीत, हळू आवाजात कळावं.

ती नेहमीप्रमाणे चिंचेखाली बसली होती. आत बोलावलं. बसायला बाक दिला, पाणी दिलं. कोठडी माझ्या खोलीला लागूनच होती, मधे नुसतं दार.

"आक्का, एक विचारायचं आहे. नवमीला चरक कुणी रंगवला?"

मला वाटलं होतं ती दचकेल. तिच्या चेहऱ्यावर मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं तेज आलं.

"आमीच की. ह्येनी बोल्ट काडून दिलं आनि मी रंग दिला. दुसरी मानसं वरनं वरनं फासत्यात, सायेब. बोल्टाच्या कडंनी गंज तसाच ऱ्हातो. मी एक जागा सोडली न्हाई. बोल्ट सुदिक वायलं वायलं रंगवलं, वाळवलं, मग ह्येनी बशिवलं. मालक म्हनला, असा चरक ह्या पट्ट्यात दुसऱ्या कुनाचा न्हाई."

शेजारून गजांचा आवाज आला. वायरमन गज धरून ओरडत होता. "आक्का, गप बस! सायेब, पाया पडतो, इचारू नगा तिला!"

ती बोलायची थांबली. तिनं दाराकडे बघितलं. मग माझ्या टेबलाकडे बघितलं. तिथं मुद्देमालाच्या कागदावर तो लाल बोल्ट आणि लाल थिंबल ठेवलेलं होतं. ती उठली, जवळ आली, पण त्याला हात लावला नाही.

"रंगानं?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, न लपवता. मोटार आतून जळली ती तिच्यामुळे नाही, हे आधी सांगितलं. मग रंगाच्या पापुद्र्याचं सांगितलं. ऐकताना ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. रायटर पोरगेलासा होता, तो उठून खिडकीशी गेला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला.

"अण्णाला ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती चालत कोठडीपाशी गेली. मी अडवलं नाही. तो आत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"अण्णा, इतकं दिवस मी तुमाला काय काय बोलले. आवं, एक शबूद तरी बोलायचा!"

"काय बोलू?" तो भिंतीलाच म्हणाला. "तुला कुनावर तरी बोलाय पायजेच हुतं की. माझ्यावर बोललीस. काय बिघडलं?"

ती गजांना डोकं टेकून रडली. ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. तक्रार द्यायला आलेला एक दूधवाला कॅन खाली ठेवून तसाच उभा राहिला होता.

बऱ्याच वेळानं ती माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "माझी फिर्याद फाडा."

मी सांगितलं की फिर्याद फाडता येत नाही, पण पुरवणी जबाब देता येतो. तो दिला तरी चालेल.

"लिवा मग. रंग मी दिला. आमच्या ह्येनी बोल्ट काडून दिलं. अण्णांनी जोडून दिल्यालं चांगलं हुतं." रायटर लिहीत होता. ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि आवाज चढवून म्हणाली, "आनि म्होरं हेबी लिवा. हितं रंग लावू नगा, असं आमाला कुनी सांगितलं न्हवतं. मालकानं न्हाई, लाइटवाल्यांनी न्हाई, अण्णांनीबी न्हाई. समदी आली, पूजेचा पेढा खाल्ला आनि रंग लय बेस झाला म्हनून गेली. हे लिवलं का?"

"लिहिलं," रायटर म्हणाला.

कोठडीतून आवाज आला, "खरं हाय तिचं. मी मीटर लावला, तोंड न्हाई उघडलं. सांगाय पायजे हुतं."

तो जबाब मी पुढे किती वेळा वाचला असेन. आमच्या कागदांत कोण दोषी याचा एक रकाना असतो. त्यात एक नाव मावतं. तिनं चार ओळींत सगळ्यांना त्या रकान्यात बसवलं होतं, स्वतःला धरून. मलाही त्यातून वेगळं काढता येत नव्हतं, कारण खंडेनवमीला आपली हद्द फिरताना असे लाल चरक मीही बघितले होते आणि प्रसाद घेतला होता.

वायरमनविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात पाठवला आणि तो सुटला. सोडून, रंगवून पुन्हा बसवलेलं कनेक्शन तपासून घ्यायची जबाबदारी यंत्राच्या मालकाची असते, असं निरीक्षकांनी लिहिलं, आणि पुढचं प्रकरण मालकावर चाललं. सुटताना वायरमननं पिशवी तपासून घेतली, एक पक्कड कमी आहे म्हणून हवालदारांशी वाद घातला, ती पिशवीच्या तळाशी निघाली, तरी माफी मागितली नाही. जाण्याआधी खुर्चीवर चढून आमच्या पंख्याचा उघडा जोड मात्र पट्टी लावून बंद करून गेला.

या तपासानं मला काय शिकवलं, असं कधीकधी पोलीस प्रशिक्षणातली मुलं विचारतात. मी त्यांना सांगतो की कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही. ती वस्तूंशी ताडून बघा. घट्ट बोल्टाला कुणी ढिला म्हणत असेल, तर तो का म्हणतोय ते विचारा. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो हे आपण धरूनच चालतो, पण दुसऱ्याला वाचवायलाही बोलतो, आणि ते खोटं मोडताना हात जपून चालवावा लागतो. तरी मोडावं लागतंच. त्या बाईला सत्य सांगितलं त्याचं मला वाईट वाटलं, पश्चात्ताप कधी झाला नाही.

पुढच्या वर्षी नवमीच्या आधी बंदोबस्ताच्या निमित्तानं शेजारच्या गावात गेलो होतो. तिथल्या गुऱ्हाळावर ती बाई चरकाला रंग देताना दिसली. ती परत या भागात येईल असं मला वाटलं नव्हतं. वायरमन पलीकडे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत होता आणि नेहमीसारखा कुणावर तरी खेकसत होता. चौकट लालभडक झाली होती. फक्त अर्थिंगच्या दोन्ही बोल्टांभोवती लोखंड उघडं होतं, पॉलिशपेपरनं घासून पांढरं केलेलं. गुऱ्हाळावरच्या दोघी बाया तिच्याजवळ उभ्या राहून बघत होत्या, आणि ती त्यांना ब्रशच्या दांड्यानं ती जागा दाखवत होती.

मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या बाया पाणी आणायला गेल्यावर तिनं विचारलं, "सायेब, एक खरं सांगा. एवढी जागा उघडी ठेवली असती, तर ह्ये वाचलं असतं?"

मोटार जळली होती, जमीन ओली होती, नशिबात होतं, असं काहीही सांगता आलं असतं. वायरमन पाणी ओतायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

"वाचले असते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ब्रश डब्यात बुडवला, काठाला निपटला.

"मग ह्या चरकावर कुनी मरायचं न्हाई," ती म्हणाली आणि बोल्टापासून बोटभर अंतर राखून पुढचा हात फिरवायला लागली.